तेलकट हात आणि आंबा घाट

पत्र

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय 36, पतसंस्थेत नोकरीला. वडिलांनी 1997 साली घेतलेली मारुती 800 अजून आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी गॅरेजवाल्यानं साडेअकरा हजारांचं बिल हातात ठेवलं, त्यातलं निम्मं कशाचं ते मला कळलंच नाही. तेव्हापासून व्हिडिओ बघून घरीच कामं करायला लागलो. एअर फिल्टर, वायपर, बॅटरीचे टर्मिनल साफ करणं, एवढं नीट जमलं. मग गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली म्हणून स्पार्क प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॉइल बदलली. तीन हजारांच्या वर गेले आणि मिसिंग आहे तसंच. गेल्या महिन्यात ऑइल बदललं. खालचा, ऑइल सोडायचा ड्रेन प्लग बसवताना तिरका चढला आणि आटे गेले. टेफ्लॉन टेप गुंडाळून, वरून एम-सील थापून कसाबसा बंद केलाय, तरी रात्रभरात बशीएवढा डाग पडतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, 'पार्किंगमध्ये गाड्या उघडू नयेत.' नाव कुणाचं नाही, पण सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. वडील म्हणतात, 'हे आपलं काम नव्हे, ज्याचं त्याला करू दे.' आता पुढचे ब्रेक करकरायला लागलेत. मी नवे पॅड आणून ठेवलेत. बायको म्हणते, ब्रेकला हात लावलास तर मी आणि मुलगी त्या गाडीत बसणार नाही. दिवाळीत आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. करू की नको? आणि पाच हजारांत कुठली हत्यारं घेऊ?

– तेलकट हात, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

तुमच्या बायकोचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरंचसं तुमच्या बाजूनं बोलणार आहे आणि तेवढंच कापून तुम्ही त्यांना वाचून दाखवाल.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये 31 वर्षं काढली. लोखंडाशी ओळख होती, गाडीशी नव्हती. 1988 साली माझ्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आली. पद्मिनीवाल्यांना आठवत असेल, उन्हाळ्यात खंबाटकी घाटात ती मध्येच बंद पडायची आणि मग सगळे खाली उतरून इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. मीही टाकायचो. का टाकतो हे दोन वर्षांनी कळलं. उष्णतेनं पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, आणि तो पंप पातळ पेट्रोल ओढायला केलेला, वाफ त्याला ओढता यायची नाही. फडक्यानं पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल. हे कळलं त्या दिवशी मला वाटलं, आता आपण मेकॅनिक झालो. त्याच गुर्मीत मागच्या चाकाचा ड्रम उघडला, गळणारा व्हील सिलिंडर बदलला, सगळं जागच्या जागी बसवलं. पेडल दोनचारदा दाबून बघितलं, घट्ट लागलं. दुसऱ्या दिवशी मंडईजवळ पेडल दाबलं तर ते सरळ खाली गेलं. समोर पेरूची हातगाडी होती.

वेग नव्हता म्हणून निभावलं. पेरूवाल्याला गाडीभर पेरूंचे पैसे दिले, आठवडाभर घरात पेरूची कोशिंबीर होती. चूक एवढीच होती की ब्रेक ऑइलची लाइन उघडल्यावर आत शिरलेली हवा मी नीट काढली नव्हती. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा दाबली जाते. लाइनमध्ये बुडबुडा राहिला की तुमचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात संपतो. कालच्या दोनचार दाबांत जे घट्ट लागलं, ते आज लागेलच असं नाही.

त्या दिवसापासून मी एक हिशोब धरून चालतो. काम अवघड की सोपं हे मी बघत नाही. माझ्या हातून ते चुकलं तर गाडी काय करेल, ते बघतो. गाडी सुरू होणार नाही? मग बिनधास्त हात घालायचा. फार तर ऑफिसला रिक्षानं जावं लागेल. गाडी थांबणार नाही, वळणार नाही, पेट घेईल किंवा माझ्या अंगावर येईल? मग ते काम पहिल्यांदा एकट्यानं करायचं नाही. गंमत अशी की ब्रेक पॅड बदलणं हे हाताला कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करण्यापेक्षा सोपं काम आहे. व्हिडिओत म्हणूनच ते इतकं सरळ दिसतं.

पण ब्रेकआधी तुमचा ड्रेन प्लग. पत्रात तुम्ही तो जाता जाता उरकलात, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तेलकट धातूवर एम-सील धरत नाही. ते नुसतं बसलेलं असतं. इंजिन तापतं, गार होतं, हादरे बसतात, आणि एक दिवस तो गोळा सुटतो. आटे नसलेला प्लग त्याच्यामागोमाग पडतो. मग तीनेक लिटर ऑइल रस्त्यावर यायला फार वेळ लागत नाही. डॅशबोर्डवर लाल किटलीचा दिवा लागेल, तेव्हा 'घर जवळच आहे' म्हणून चालवत राहू नका. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नाही, ऑइलचा दाबच नाहीसा झाल्याचा असतो. तिथंच इंजिन बंद करायचं. प्लग दुरुस्त होईपर्यंत रोज सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी कांडी) बघा, गावाबाहेर गाडी नेऊ नका, आणि या आठवड्यात हे काम करून घ्या.

तुम्ही कोल्हापुरात राहता हे तुमचं नशीब आहे. ज्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, तिथल्या लेथवाल्याला एका प्लगचे गेलेले आटे म्हणजे चहा गार होण्याआधीचं काम. ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खाली काढून न्या, टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, थोडा मोठा प्लग बसवून मिळेल. पॅन गाडीवर असतानाच टॅप मारू का, असं कुणी विचारलं तर नको म्हणा, लोखंडाचा कीस आत पडतो. पॅन फारच गंजला असेल तर दुसरा घ्या, 800 चे पार्ट अजून मिळतात. पॅन बसवताना पॅकिंग नवं आणि दोन्ही कडा स्वच्छ पुसलेल्या. टेफ्लॉन टेप नळाला ठीक आहे, इथं नको.

हे झालं कशामुळे, तेही बघू. तुम्ही प्लग पान्यानं सुरू केला असणार. कुठलाही बोल्ट पहिले दोनतीन वेढे बोटांनीच फिरायला हवा. बोटांनी जात नसेल तर तो चुकीच्या आट्यात आहे, पाना लावून तो बरोबर आट्यात येत नाही. आमचे एक जुने फिटर शिकवायचे की बोल्ट आधी उलटा फिरवायचा. उलटा फिरवताना एका जागी बारीक 'टक' लागतं, आट्याची सुरुवात बरोबर समोर आली म्हणजे. तिथून सुलटा फिरवला की लोण्यात गेल्यासारखा जातो. आणि प्लगखालची चकती दर वेळी नवी. दहावीस रुपयांची चकती वाचवायला माणूस प्लग जास्त आवळतो आणि आटे खातो. किती आवळायचं त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क पाना नसेल तर निदान लांब टॉमी (लोखंडी दांडा) लावून उभ्या अंगाचा जोर देऊ नका.

ऑइल फिल्टरच्या वेळी नेमकी उलटी चूक होते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते, तिच्यावर नवी बसते आणि मग दोन रिंगांमधून ऑइलची पिचकारी उडते. बोट फिरवून बघायचं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं, हातानं फिरवत टेकवायचं आणि टेकल्यावर पाऊण फेरा. पान्यानं नाही.

आता मिसिंग. इथं मी जरा रागावणार आहे. तुम्ही तीन हजारांचे पार्ट बदललेत, पण मोजलं काय? एक तरी गोष्ट? पार्ट बदलून दोष शोधणं म्हणजे ताप आला म्हणून औषधांच्या दुकानातली फळी उचलून आणणं. तुमच्यावर एकट्यावर कशाला रागावू, गॅरेजातही हेच चालतं, आणि त्या साडेअकरा हजारांत असलं काही असेल तर मला नवल वाटणार नाही. फरक एवढाच की तिथं अंदाज त्यांचा असतो आणि पैसे तुमचे.

इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि वेळेवर ठिणगी लागते. ठिणगीकडचं बरंचसं तुम्ही बदललंत, म्हणजे आता हवेकडे बघा. तुमच्या गाडीतलं रबर अठ्ठावीस वर्षांचं आहे. कार्बोरेटरभोवती आणि इनटेकवर ज्या बारीक रबरी नळ्या आहेत, त्या एकेक करून वाकवून बघा. वरून धड दिसतात, वाकवल्या की वळणावर चीर उघडते. त्या चिरेतून जास्तीची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि आयडलला, म्हणजे इंजिन चालू ठेवून उभी असताना, गाडी अडखळते. इंजिन चालू ठेवून कान दिला तर बारीक 'स्स्स' ऐकू येतं. मात्र कान देताना पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ शर्टाची बाही, ओढणी, गळ्यातली चेन काहीही लोंबतं नको. ही नळी मीटरवर मिळते, खर्च चहा-भज्यांएवढा.

जुने स्पार्क प्लग टाकून दिले नसतील तर बाहेर काढा आणि उन्हात धरून बघा. टोकाचा रंग फिक्कट तपकिरी म्हणजे बरं चाललंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन तापतंय. ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, आणि तो मोठ्या खर्चाचा निरोप आहे. तीन सिलिंडरचे तीन प्लग वेगवेगळे ठेवा, कारण एकच काळा आणि दोन बरे असतील तर गोष्टच बदलते. हे सगळं फुकटात कळतं. दुकानात जायच्या आधी कळतं, हे त्याहून महत्त्वाचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळणार नाही.

ब्रेक. करकर कधी होते हे तुम्ही लिहिलं नाहीत. कोल्हापूरच्या पावसात गाडी रात्रभर बाहेर राहिली की सकाळी डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. पहिले चारपाच ब्रेक करकरतात, मग आवाज जातो. तो दोष नाही. पण प्रत्येक वेळी होत असेल, किंवा करकरीच्या जागी लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्रर्र आवाज येत असेल, तर पॅड संपून पत्रा डिस्कला लागलाय. मग गाडी चालवूच नका.

माझा सल्ला असा. तुमच्या ओळखीतला एखादा जुना, स्वतःच्या हातानं काम करणारा मेकॅनिक शोधा. साडेअकरा हजारवाला नको. त्याला सांगा, 'पॅड मी आणलेत, काम मी करणार, तुम्ही बाजूला उभे राहा, मजुरी पूर्ण घ्या.' काही जण हाकलून देतील. एखादा हो म्हणेल. या लोकांना शिकायला आलेला माणूस आवडतो, फुकट विचारायला आलेला आवडत नाही. पॅड आणून ठेवलेत तेही आधी त्याला दाखवा, आपल्याच मॉडेलचे आहेत ना ते. आणि ड्रेन प्लगची भानगड लपवू नका, तो खाली वाकला की त्याला दिसणारच आहे.

त्याच्या शेजारी उभं राहून काय बघायचं, ते सांगतो. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडला की तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधायचा. पिस्टन मागे ढकलताना वरच्या डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं, डबा काठोकाठ असेल तर सांडतं आणि रंग खातं, म्हणून लगेच पाण्यानं धुवायचं. पॅडची काळी भुकटी फुंकायची नाही, हवा मारायची नाही. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसायचं. पॅडच्या तोंडाला ग्रीसचं बोट लागलं तर तो पॅड गेला. आणि सगळं झाल्यावर, गाडी इंचभरही हलवायच्या आधी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहायचं. मागे ढकललेला पिस्टन पुढे येऊन पॅडला टेकेपर्यंत पहिले काही दाब पोकळ जातात. हे विसरून पार्किंगच्या भिंतीत घुसलेले लोक मी पाहिलेत. (मी त्यातला नाही. माझ्या नावावर पेरू आहेत.)

घाटाच्या दृष्टीनं पॅडपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट तुमच्या यादीतच नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? माहीत नसेल तर बदला. ते हवेतलं बाष्प शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट 3 जातीचं कोरं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. बाष्प शोषलेल्या त्याच ऑइलचा उत्कलनबिंदू 140 पर्यंत उतरलेला असू शकतो. आंब्याहून साखरप्याच्या बाजूला उतरताना पाय ब्रेकवरच ठेवला, गाडीत चार माणसं आणि टपावर सामान, की पॅड इतके तापतात की ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणजे माझं मंडईतलं पेडल, फक्त समोर पेरूऐवजी दरी. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा टाकून ठेवलात तर पाय बराच वेळ मोकळा राहील.

ब्रेक ऑइल बदलून हवा काढायचं काम दोन माणसांचं असतं, एक पेडलवर, एक चाकाशी. ते तुम्ही त्या मेकॅनिकच्या गॅरेजातच करा. काम झाल्यावर आठवडाभर गावातल्या गावात चालवा. पन्हाळ्याला एकदा जाऊन या, उतरताना पेडल खोल जातंय का बघा. मग आंबा घाट. बायकोला सांगा, पन्हाळ्याला मी एकटा जातो.

गाडी उचलण्याबद्दल चार शब्द, कारण ऑइल बदलताना तुम्ही तिच्याखाली कसे शिरलात ते पत्रात नाही आणि त्याचीच मला भीती वाटते. गाडीबरोबर येतो तो जॅक चाक बदलायला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. विटा लावू नका. वीट वाकत नाही, कुरकुरत नाही, काही न सांगता एकदम फुटते. लोखंडी जॅक स्टँड घ्या, गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात, दोन घ्या. आणि हे ध्यानात ठेवा की तुमच्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, हँडब्रेक मागच्यांना लागतो. पुढचा भाग उचललात तर गिअरमध्ये ठेवून उपयोग नाही, हँडब्रेक धरतो. मागचा उचललात तर हँडब्रेकचा उपयोग नाही, गिअर धरतो. दोन्ही वेळा जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. पार्किंगला उतार असेल तर तिथं उचलायचीच नाही.

पाच हजारांत हत्यारं. या दोन घोड्या आधी, त्यात हात आखडता घेऊ नका. मग 8 ते 19 चा रिंग आणि फिक्स पान्यांचा सेट, नाशिकच्या टपारियाचा किंवा त्या तोडीचा. रस्त्यावरचा चमकदार पाना नरम असतो, नटाचे कोपरे गोल करतो आणि मग तो नट कुठल्याच पान्याला ऐकत नाही. नट सोडवताना आधी नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग किंवा गोटी पाना, फिक्स पाना फक्त जिथं दुसरं काही शिरत नाही तिथं. स्पार्क प्लगचा पाना तुमच्याकडे असेलच. एक साधा मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, 12 दाखवलं तर जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा 14 च्या आसपास गेला पाहिजे. नाही गेला तर दोष बॅटरीचा नाही, ती भरणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. एवढ्या एका मोजणीनं कित्येक नव्या बॅटऱ्या वाचतील. बॅटरी काढताना वजा टर्मिनल आधी, लावताना शेवटी. अधिकचं आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पान्याचं वेल्डिंग होतं. उरलेल्या पैशांत पसरट घमेलं, नरसाळं, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला लावायची बॅटरी. पाच हजार सहज संपतील, थोडे वरही जातील. टॉर्क पाना पुढच्या वर्षी.

टायमिंग बेल्ट, स्टिअरिंगचे सांधे, पेट्रोलची लाइन, इतकं सध्या लांब ठेवा. एसीचा गॅस तर घरी काढायची वस्तूच नाही. उद्या नवी गाडी आलीच तर एअरबॅगच्या वायरी आणि सीएनजीचं काहीही यांच्याशी खेळू नका, त्या टाकीत 200 बारचा दाब असतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी उघडतं.

सोसायटीबद्दल सेक्रेटरींची बाजू घ्यावी लागेल. तो डाग तुमचा आहे. टिंबर मार्केटमधून पोतंभर लाकडाचा भुसा आणा, डागावर पसरा, पायानं चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी गोळा करून वर साबणाचं पाणी आणि ताठ ब्रश. हे सगळ्यांसमोर करा, रविवारी सकाळी. नोटिशीवर भांडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. पुढे कुठलंही काम करताना गाडीखाली पुठ्ठा, त्यावर घमेलं. काढलेलं जुनं ऑइल गटारात नको, झाडाच्या बुंध्याशी नको. आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला फासायची पद्धत आहे, पण त्यात जड धातू असतात, घरातल्या दाराला तर मुळीच नको. कॅनमध्ये भरून गॅरेजात नेऊन द्या. त्यांच्याकडे पिंप असतं, तिथून ते पुन्हा शुद्ध करायला जातं.

राहिले वडील. 'हे आपलं काम नव्हे' यात मला पांढरपेशा घरातली जुनी सवय ऐकू येते, हात काळे करणारा तो वेगळा आणि बिल भरणारे आपण वेगळे. त्यावर वाद घालू नका, सत्तरीच्या माणसाशी घालून उपयोगही नाही. पण 1997 पासून ही गाडी त्यांनी चालवली आहे. कुठल्या वर्षी क्लच प्लेट बदलली, रेडिएटर कधी झाळून घेतला, कुठल्या चढाला ती पहिल्यापासूनच दमते, हे तुमच्या कुठल्याही व्हिडिओत नाही, त्यांच्या डोक्यात आहे. जुनी बिलं ते जपून ठेवणाऱ्यांपैकी असतील तर फाइल मागून घ्या आणि एक वही घाला. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती खर्च. पहिल्या पानावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. 2027 च्या पासिंगलाही ती वही कामाला येईल, काय राहिलंय ते आरटीओच्या दारात कळण्याऐवजी घरी कळेल. टॉर्च धरायला या म्हणू नका. अपमान वाटेल. फक्त बॉनेट उघडून काहीतरी चुकीचं नाव मोठ्यानं घ्या, ते आपणहून खाली येतील.

तर क्रम असा, आधी ऑइल पॅन, मग नळ्या बघणं, मग मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून पॅड आणि ब्रेक ऑइल. दिवाळीला वेळ आहे, पण ब्रेक आदल्या आठवड्यावर ढकलू नका. ते तोवर झाले नाहीत तर गणपतीपुळ्याला एसटीनं जा.

आणि तो एम-सीलचा गोळा काढताना छिन्नीनं ठोकू नका, पॅनचा पत्रा पातळ असतो. खाली घमेलं ठेवून, चष्मा लावून, हळूहळू खरवडा. तो सुटला की ऑइल एकदम येईल.